निक्सन यांचा राग आणि १९७१चे अमेरिकी धोरण

प्रश्न : १९७१च्या बांगलादेश युद्धात अमेरिका पाकिस्तानच्या पाठीशी उभी राहिली ती राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा इंदिरा गांधींवर राग होता म्हणून, असे वारंवार वाचनात येते. एवढ्या मोठ्या देशाचे धोरण एका माणसाच्या रागलोभावर ठरते का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : राग होता, यात शंका नाही. ४ नोव्हेंबर १९७१ रोजी इंदिराजी व्हाइट हाउसमध्ये भेटून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी निक्सन आणि त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर इंदिराजींविषयी ज्या अभद्र भाषेत बोलले, ती निक्सन यांनीच बसवून घेतलेल्या ध्वनिमुद्रण यंत्रणेने टिपून ठेवली. २००५ मध्ये हे संभाषण प्रसिद्ध झाल्यावर किसिंजर यांना खेद व्यक्त करावा लागला.

तरीही त्या वर्षाच्या पूर्वार्धातले धोरण केवळ रागातून आले, हे मला पटत नाही. अमेरिकेचा चीनशी गुप्त संपर्क पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष याह्याखान यांच्यामार्फत चालला होता. पूर्व पाकिस्तानातील हत्याकांडाबाबत आपले सरकार गप्प असल्याचा निषेध करणारी तार ढाक्यातील अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी ६ एप्रिलला पाठवली होती. पण २७ एप्रिलला पाकिस्तानी राजदूताच्या हातून चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांचे निमंत्रण आले, आणि लगेचच पुढे आलेल्या टिपणावर निक्सन यांनी स्वहस्ते शेरा मारला, की सध्या याह्यांवर दबाव आणू नका. एखाद्या थंड डोक्याच्या अध्यक्षानेही त्या घडीला बहुधा हेच केले असते.

स्वभाव दिसतो तो पुढे. जुलैत किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप बीजिंगला जाऊन आले, १५ जुलैला निक्सन यांनी आपला चीन दौरा जाहीर केला, म्हणजे मध्यस्थाची निकड संपली. तरीही डिसेंबरमध्ये, ते कायद्यात बसत नाही असे परराष्ट्र खात्यातले अधिकारी सांगत असताना, जॉर्डनकडची अमेरिकी बनावटीची लढाऊ विमाने पाकिस्तानला मिळू देण्यास त्यांनी आतून संमती दिली आणि ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली. आपण मित्राला वाऱ्यावर सोडत नाही हे चीनला दिसावे, असे किसिंजर सांगत. हे कारण अगदीच पोकळ नव्हते. परंतु ढाका पडणार हे दिसत असताना एवढा आटापिटा करण्यामागे याह्यांविषयीची माया आणि इंदिराजींविषयीची अढी या दोन्हींचा वाटा मोठा होता, असे माझे मत आहे.

दिल्लीत मात्र उलट घडले. सोव्हिएत संघाबरोबरच्या मैत्री कराराची बोलणी १९६९ पासून रेंगाळली होती. अमेरिका आणि चीन जवळ येत आहेत हे उघड होताच ९ ऑगस्टला त्यावर सह्या झाल्या. निक्सन यांच्याविषयी इंदिराजींना काय वाटत होते, याचा त्या निर्णयाशी फारसा संबंध नव्हता.