श्वास मोजायला बसताना
आपण आमच्या सकाळच्या वर्गात नव्यानेच येऊ लागला आहात, म्हणून सुचवतो: पहिले काही दिवस बडोद्याच्या कमाटीबागेतल्या बाकावर स्वस्थ बसून, चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्यावा आणि सहा आकड्यांत तो सावकाश सोडावा, कारण उच्छ्वास लांबला की व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत हृदयाची गती किंचित मंदावते. मनगटावर बोट ठेवलेत तर हा फरक आपला आपल्यालाच जाणवेल. श्वास रोखून धरण्याची घाई मात्र नको. मी ती केली होती आणि चक्कर येऊन बाकाची पाठ घट्ट धरून बसलो होतो. मन पोपटांच्या कलकलाटाकडे, घरच्या हिशेबाकडे जाईलच. तेव्हा चिडू नये, पुन्हा एकपासून मोजावे. दोन आठवडे झोप उडालेली असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांना भेटावे. १४४१६ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी 'टेलि-मानस' क्रमांकावर विनाशुल्क बोलताही येते.