संगणक-शंका : इनबॉक्सचा पहारेकरी

प्रश्न : मी घरी थंडरबर्डमध्ये मेल उतरवते. येणारी प्रत्येक मेल आपोआप तपासली जावी म्हणून वेगळा अँटिव्हायरस विकत घेऊ का? नातू नको म्हणतो.
– एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : नातवाचं ऐका, बाई. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस असतोच. त्यातलं ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’ चालू ठेवा; मेलमधली फाइल सेव्ह केलीत किंवा उघडलीत की ती तिथल्या तिथे तपासली जाते.

थंडरबर्डची मात्र एक गोम आहे. त्यात सहसा अख्खा इनबॉक्स एकाच मोठ्या फाइलमध्ये असतो. माझ्या जुन्या अँटिव्हायरसने एका सडक्या मेलपायी ती सगळीच कोंडून टाकली आणि भावाची अमेरिकेतली पत्रं शोधण्यात माझा रविवार गेला. म्हणून थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली अँटिव्हायरसची खूण करा, म्हणजे प्रत्येक मेल सुटी तपासता येते.

पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये, म्हणजे फाइलींच्या कुलूपबंद गाठोड्यात, मात्र पहारेकरी सहसा डोकावू शकत नाही. मेलमध्येच पासवर्ड दिलेलं ‘वीजबिल’ आलं, तर न उघडता सरळ डिलीट. आणि फाइल एक्सप्लोररमध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारी नावामागची शेपटी, दाखवायला सांगा. २००० सालच्या ‘आय लव्ह यू’ व्हायरसने टीएक्सटी या साध्या मजकुराच्या शेपटीमागे व्हीबीएस ही प्रोग्रॅमची शेपटी लपवूनच जगाला गंडवलं होतं.