कुडमाई, कुणबी आणि 'आमचं कुटुंब'

नाशिकच्या एका वाचकाने विचारलंय: पुतणीची सोयरीक शीख घरात ठरली आहे. पत्रिकेवर 'साखरपुडा (कुरमाई)' छापायचंय. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच का?

आधी ते 'कुरमाई' खोडा. रोमन लिपीतल्या स्पेलिंगवरून उचललेलं हे रूप हल्ली पत्रिकांवर आणि निवेदकांच्या तोंडी सर्रास दिसतं, आणि दर वेळी डोकं उठतं. पंजाबी उच्चार 'कुड़माई'. आपण 'घोडा', 'गाडी'तला ड जसा उच्चारतो तसाच हा, म्हणून मराठीत सरळ 'कुडमाई' लिहावं. दुसरी कटकट म्हणजे 'कुडी' (मुलगी) अधिक 'माई' (आई) ही फोड. ती साफ चूक आहे. शब्द 'कुड़म'वरून आलाय. कुड़म म्हणजे व्याही, कुड़मणी म्हणजे विहीण. कुडमाई म्हणजे व्याही होणं, दोन घरांची सोयरीक.

आता खरी गंमत. हा कुड़म संस्कृत 'कुटुंब'चा वंशज. ट-चा ड झाला, आणि 'म्ब'मधला ब पंजाबीने गिळला, जसं निंबाचं तिकडे 'निम्म' झालं. मराठीने मात्र ब सोडला नाही. निंब निंबच राहिला, आणि 'कुटुंबिन्', म्हणजे घरसंसार असलेला गृहस्थ, त्याचा कुळंबी आणि कुणबी झाला. केरळातले कोंकणी बोलणारे कुडुंबी याच शब्दाचे. म्हणजे पंजाबातला व्याही आणि आपल्याकडचा शेतकरी एकाच शब्दाची लेकरं! 'कुण' आणि 'बी' अशी फोड करून कुणब्याच्या हातात बियाणं देणारे अजून लेख लिहितात. त्यांनी 'कुळंबी' हे रूप कुठून आलं ते सांगावं, मग बोलू. खुद्द 'कुटुंब' द्राविडी 'कुडि'वरून (घर, कुळ) संस्कृतात आलं, असं द्राविड भाषांचे अभ्यासक म्हणतात. ते मला पटतं, पण त्याने वरची साखळी तुटत नाही, उलट एक कडी मागे जाते.

आणि विचारणारे नाशिकचे आहेत म्हणून सांगतो, तुमच्याच पांडवलेण्यात क्षत्रप राजा नहपानाची मुलगी दखमित्रा हिच्या दानाचा लेख आहे. त्यात ती उषवदाताची 'कुडुबिनि', म्हणजे पत्नी. जुनी माणसं बायकोला 'आमचं कुटुंब' म्हणत, त्याची मुळं इतकी खोल आहेत.

शिखांच्या बाबतीत हा शब्द नुसता रूढीचा नाही, तो गुरुबाणीत, म्हणजे शीख गुरूंच्या पदांत आहे. शिखांचे चौथे गुरू रामदास (समर्थ नव्हेत) यांच्या राग सूहीतल्या छंतात, म्हणजे पदात, 'भाउ कुड़मु कुड़माई आइआ' असं येतं. सत्य, संतोष आणि प्रेम यांच्या बळावर सोयरीक जुळायला येते, आणि जीव ही वधू, परमेश्वर हा वर. लग्नात फेऱ्यांच्या वेळी ज्या चार लावां, म्हणजे चार कडवी, म्हणतात त्याही याच गुरूंच्या, याच रागातल्या. म्हणून कुडमाईला 'रोका' म्हणू नका. रोका म्हणजे स्थळ रोखून धरणं. त्यात ही खोली नाही.

राहता राहिला साखरपुडा. त्याचं नाव वस्तूवरून पडलं, कुडमाईचं नात्यावरून. गोड मात्र दोन्हीकडे आहे. 1945 साली मान्य झालेल्या शीख रहत मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, कुडमाई सक्तीची नाही. करायचीच तर मुलीकडच्यांनी संगत (शीख मंडळी) जमवून गुरू ग्रंथ साहिबांसमोर अरदास, म्हणजे प्रार्थना, करावी आणि मुलाच्या पदरात कृपाण, कडं आणि काहीतरी गोड घालावं. अंगठीचा त्यात उल्लेखही नाही.

तेव्हा कंस काढा, 'साखरपुडा आणि कुडमाई' असं छापा, आणि अरदासीची वेळ वेगळ्या ओळीत द्या. त्या वेळी सगळ्यांना डोकं झाकून उभं राहायचं असतं, तेही मराठी पाहुण्यांना आधीच कळवा.