निधी मागण्यापूर्वी करवंटीच्या कोळशाचा हिशेब

ठाणे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रस्ताव दोनदा वाचला. नवी मुंबईतील ट्रान्स-ठाणे क्रीक औद्योगिक पट्ट्यातील सांडपाण्यातून रंगद्रव्ये काढण्यासाठी नारळाच्या करवंटीचा सक्रिय, म्हणजे रंग धरून ठेवणारा सच्छिद्र, कोळसा वापरण्याची कल्पना वाईट नाही. मात्र ‘शाश्वत’ हा शब्द पहिल्या दोन पानांत अकरा वेळा येतो आणि वापरून संपलेल्या कोळशाचे पुढे काय होणार, हे एकदाही येत नाही. परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतील.

रंग पाण्यातून गेला म्हणजे नाहीसा झाला असे नव्हे. तो कोळशात जाऊन बसला. तो कोळसा पुन्हा वापरायचा तर भट्टीत साधारण ८०० ते ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापवावा लागतो, त्यासाठी इंधन जळते आणि प्रत्येक खेपेस कोळशाचाही काही भाग जळून घटतो. पुन्हा वापरायचा नसेल आणि तो धोकादायक कचऱ्यात मोडत असेल, तर तळोज्याच्या प्रक्रिया केंद्रापर्यंतची वाहतूक आणि तिथले शुल्क तुझ्याच पद्धतीच्या खात्यावर पडेल. म्हणून प्रयोगशाळेत किती टक्के रंग गेला, यापेक्षा एक घनमीटर पाणी शुद्ध करण्यासाठी करवंटी गोळा करण्यापासून कोळशाच्या विल्हेवाटीपर्यंत किती ऊर्जा लागली आणि किती कचरा उरला, हा प्रश्न तुझ्या प्रस्तावाचा कणा व्हायला हवा. या मोजणीला जीवनचक्र मूल्यांकन म्हणतात, आणि तिच्यासाठी आयएसओ १४०४० व १४०४४ ही आंतरराष्ट्रीय मानके आहेत. शिवाय औद्योगिक सांडपाण्यात क्षार भरपूर असतात. शुद्ध पाण्यात रंग विरघळवून केलेल्या प्रयोगातले आकडे तिथे टिकतील का, हे कोणी आधीच गृहीत धरू शकत नाही. तुझ्या विषयातील खरे अज्ञात तिथे आहे आणि निधी मागायचा तो त्यासाठी.

अमेरिकेतील नॅशनल सायन्स फाउंडेशन ही संशोधनाला निधी देणारी सरकारी संस्था पर्यावरणीय शाश्वततेवरील अभियांत्रिकी संशोधनासाठी वेगळा कार्यक्रम चालवत आली आहे. तिथे प्रस्ताव बौद्धिक मोल आणि समाजावरील व्यापक परिणाम या दोन निकषांवर तपासले जातात. तुला तिथे अर्ज करायचा नाही, परंतु परीक्षकाची नजर कशी चालते हे समजण्यासाठी प्रस्ताव मागवणारी त्यांची आवाहने वाचून ठेव.

आपल्याकडे २००८ च्या कायद्याने आलेले, संशोधनाला सरकारी निधी देणारे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झाले आहे. या फाउंडेशनचा कायदा २०२३ चा असून तो ५ फेब्रुवारी २०२४ पासून अमलात आला. नव्या अध्यापकांसाठीच्या पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँटच्या अटी मूळ सूचनेतच वाच, सहकाऱ्यांच्या ऐकीव माहितीवर विसंबू नकोस. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, म्हणजे २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालचे नफ्याचे दोन टक्के, यावर माझा फारसा भर नाही. कायद्यात पर्यावरणाला जागा आहे. पण त्या पैशातून वर्षअखेरीस दाखवता येईल असे काही हवे असते, आणि फसलेला प्रयोग दाखवता येत नाही.

प्रस्तावनेत तू ठाणे खाडीला २०२२ मध्ये मिळालेल्या रामसर दर्जाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा या मान्यतेचा, आणि रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा उल्लेख केला आहेस. तुझा एकही नमुना खाडीतून येत नाही, तेव्हा एक तर ती वाक्ये काढून टाक, नाही तर उधाण आणि भांग, म्हणजे मोठी आणि लहान भरती, अशा दोन्ही वेळचे, पावसाळ्यातले आणि उन्हाळ्यातलेही नमुने घेण्याची तयारी ठेव. मग बोटीचे भाडे आणि अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी हेही ओघाने आलेच. माझे मत विचारशील तर वाक्ये काढ. पक्ष्यांच्या जिवावर अनुदान मागणारे प्रस्ताव मी पुष्कळ पाहिले आहेत.

अंदाजपत्रकात तू सारा भार यंत्रावर टाकला आहेस. कनिष्ठ संशोधन अधिछात्राला (ज्युनियर रिसर्च फेलोला) १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठाला ४२,००० रुपये मिळतात. दोन वर्षे कनिष्ठ आणि तिसरे वर्ष वरिष्ठ धरले, तर घरभाडे भत्ता सोडून १३ लाख ९२ हजार होतात. ही रक्कम आधी मांड आणि उरलेल्यात यंत्र बसव. माझ्या पहिल्या प्रकल्पात मी नेमके उलटे केले होते: यंत्र घेतले, देखभाल कराराचे पैसे मागायला विसरलो, आणि दुसऱ्या वर्षी ते झाकण घालून कोपऱ्यात बसले. त्याच प्रकल्पात एका कारखान्याने नमुने देण्याचे तोंडी कबूल केले होते. होकार देणारे अधिकारी बदलून गेले आणि माझे सहा महिने वाया गेले. अनुदान कुठे खर्चले हे सांगणाऱ्या विनियोग प्रमाणपत्रात खर्च दिसतो, गेलेले महिने दिसत नाहीत.

तेव्हा नवा मसुदा करण्याआधी सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडून नमुन्यांबाबतचे पत्र सही-शिक्क्यासह मिळव. ते हातात आले की कळव. आकडेमोडीला आपण एक रविवार बसू.

तुझे
सर