एमआरआय नॉर्मल असेल, तर स्किझोफ्रेनिया हा मेंदूचा आजार कशावरून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : सोलापुरात धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया असल्याचे निदान झाले, एमआरआय मात्र नॉर्मल आला, मग हा मेंदूचा आजार कशावरून, संशोधक रक्त नेऊन काय शोधतात, आणि जनुकांची तपासणी केली तर तुमच्या मुलीला तो होईल की नाही हे कळेल का?

मी याच आजाराच्या जनुकांवर काम करते आणि माझे माहेर सोलापूरच्या पूर्व भागातले आहे, त्यामुळे नमुने गोळा करण्याच्या निमित्ताने आपल्याकडच्या बऱ्याच घरांत माझे जाणे झाले आहे.

डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितला तो स्किझोफ्रेनिया दिसावा म्हणून नव्हे, तर गाठ, जंतुसंसर्ग किंवा जुनी इजा असे दुसरे काही नाही ना, याची खात्री करून घेण्यासाठी. त्या चित्रातला एक ठिपका साधारण एक मिलिमीटरचा असतो, आणि तेवढ्या जागेत मज्जापेशींचे कोट्यवधी जोड असतात. आमचा संशय आहे तो या जोडांवर. 1976 मध्ये लंडनमध्ये ईव्ह जॉनस्टोन, टिम क्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटी स्कॅन काढून दाखवले, की दीर्घकाळ आजारी असलेल्या रुग्णांच्या मेंदूतील पोकळ्या सरासरीने मोठ्या असतात. पण हा फरक गटागटांतला आहे. एकट्या माणसाचे चित्र पाहून त्यावरून निदान करता येत नाही.

पुरावा आधी औषधांकडून आला. 1952 मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे या आजारावरचे औषध वापरात आले, आणि पुढे असे लक्षात आले की अशी औषधे मेंदूतील डोपामिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचा एक विशिष्ट ग्राहक (म्हणजे पेशीवरची ते रसायन झेलणारी जागा) अडवतात; म्हणून संशय डोपामिनच्या बिघाडावर आला. (आपली सर्पगंधा या कथेत त्याही आधीपासून आहे : कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्येच तिचा वेडावरचा उपयोग छापून प्रसिद्ध केला होता, आणि तिच्यातल्या रेसर्पिनने निपचित पडलेले ससे डोपामिन ज्यापासून बनते तो पदार्थ टोचून पुन्हा हिंडते करण्याचा प्रयोग स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्व्हिद कार्लसन यांनी 1957 मध्ये केला. त्यांना 2000 साली नोबेल मिळाले.)

डोपामिन का बिघडते, याचे उत्तर मात्र औषधांतून मिळाले नाही. त्यासाठी जनुकांकडे वळावे लागले. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे 76 हजार रुग्णांचे नमुने होते आणि त्यांत आजाराशी संबंध असलेल्या गुणसूत्रांवरच्या 287 जागा सापडल्या. यांतली एकेक जागा धोका अगदी किंचित वाढवते. त्यातल्या त्यात मोठा मानला जाणारा दुवा म्हणजे सी-फोर हे रोगप्रतिकारशक्तीचे जनुक. 2016 मध्ये स्टीव्हन मॅकॅरोल यांच्या गटाने दाखवले की त्याची काही रूपे मेंदूत जास्त प्रमाणात काम करतात. आणि उंदरांमध्ये हेच जनुक मज्जापेशींचे नको असलेले जोड छाटण्याच्या कामी येते. किशोरवयात ही छाटणी प्रत्येकाच्या मेंदूत होते. ती प्रमाणाबाहेर होत असावी, असा तर्क आहे, आणि आजार विशी-पंचविशीच्या आसपास का उघड होतो याच्याशी तो जुळतो. तरीही सी-फोरमुळे वाढणारा धोका जेमतेम सव्वापट आहे, म्हणून या एका जनुकावर निदानाची चाचणी उभी राहत नाही.

आजवरचे बहुतेक नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत, म्हणून आपल्याकडची कुटुंबे लागतात. रक्त काढायला पाच मिनिटे पुरतात. वंशवृक्ष काढण्यात मात्र दुपार जाते. पहिल्या वर्षी मी एका घरी चूक केली. यंत्रमाग थांबवून सगळे घर भोवती बसले होते आणि मी सर्वांसमोरच वडिलांना विचारले, ‘‘घरात आणखी कुणाला असा त्रास होता का?’’ ते म्हणाले, ‘‘कुणालाच नाही.’’ चहा झाला, विषय संपला. मी चपला घालत असताना चुलती मागून आली आणि हळूच म्हणाली, ‘‘ह्यांचे थोरले भाऊ बी असेच रात्रभर एकटे बोलत बसायचे.’’ वंशवृक्षात त्या भावासाठी काढलेला रिकामा चौकोन मी जिन्यात उभी राहून, आजारी असल्याची खूण म्हणून, काळा केला. त्यानंतर मी प्रत्येकाशी वेगळे बसून बोलू लागले.

आता तुमच्या मुलीबद्दल. हा आजार सर्वसाधारणपणे शंभरातल्या एकाला किंवा त्याहून कमी लोकांना होतो. काका किंवा मामाला असेल तर भाचरा-पुतण्यांत हे प्रमाण शंभरात दोन ते चार इतके आढळते. हुबेहूब जुळ्यांतही एकाला असल्यास दुसऱ्याला तो सुमारे निम्म्याच वेळा होतो, म्हणजे जनुके सारखी असूनही निकाल ठरलेला नसतो. जाहिरात पाहून मुलीची तपासणी करू नका. तिच्या अहवालावरून आज कोणीही हो किंवा नाही सांगू शकणार नाही. फक्त भावाला जन्मतः हृदयाचा दोष किंवा फाटलेली टाळू असेल, अथवा लहानपणी शिकण्यात फार अडचण आली असेल, तर ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना जरूर सांगा. बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असला तर अशा खुणा दिसतात, त्या स्थितीत चारातल्या एकाला हा आजार होतो, आणि ती बाब साध्या रक्तातून तपासता येते.