मावशीची सही घेऊन जबाबदारी संपते का? हाऊसकीपिंगवाल्या भाऊंना उत्तर

प्रश्न: ताई, मी भुसावळचा. जळगावच्या एका खाजगी हॉस्पिटलात साफसफाईचं कॉन्ट्रॅक्ट आहे माझं, १७ माणसं, पगार १२ हजार. मागच्या महिन्यात एका मावशीनं बाथरूम घासताना हायपो टाकलेल्या फरशीवर ॲसिड ओतलं, धूर झाला, खोकत खोकत पडली, तिथंच ५ दिवस ॲडमिट होती. बिल ३८ हजार. अजून जिना चढली की दम लागतो म्हणते, कामावर आलेली नाही. हॉस्पिटल म्हणतं ॲग्रीमेंटमध्ये लिहिलंय, सगळी जबाबदारी कॉन्ट्रॅक्टरची, बिल तुम्ही भरा. सुपरवायझर म्हणतो हजेरीत तिनं दोन दिवस आधीच काम सोडलं असं दाखवू. माझा विचार असा की २५ हजार देऊन पाचशेच्या स्टॅम्पवर सही घ्यावी की आता काही देणंघेणं नाही. चूक तर तिचीच आहे ना? ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) काढलेलं नाही. अजून एक, हॉस्पिटलवाले सेप्टिक टँक पण आमच्याकडूनच साफ करून मागताहेत, दोन पोरं उतरायला तयार आहेत, ते काम घेऊ का?

उत्तर: भाऊ, शेवटच्या ओळीपासून सुरू करते, कारण मावशीचं जे व्हायचं ते होऊन गेलं, टाकीचं अजून व्हायचंय आणि ते थांबवता येतं. त्या टाकीत कोणालाही उतरवू नका. पोरं तयार आहेत, हजार रुपये जास्त देतो, तोंडाला रुमाल बांधून पाचच मिनिटं, असलं काहीही मनात आणू नका. टाकीत हायड्रोजन सल्फाईड असतो, तो जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं, माणसाला वाटतं आता बरं आहे आणि तो तिथंच कोसळतो, मग त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. अशा बातम्या आपण कितीदा वाचल्यात, एका टाकीत दोन-दोन तीन-तीन माणसं.

कायदा इथे एकदम स्पष्ट आहे. मॅन्युअल स्कॅव्हेंजिंगवर बंदीचा २०१३ चा कायदा आहे, त्याचं कलम ७ म्हणतं की गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कोणीही, म्हणजे सरकारी संस्था असो की खाजगी एजन्सी, थेट किंवा दुसऱ्यामार्फत माणूस लावायचा नाही. दुसऱ्यामार्फत म्हणजे हॉस्पिटलनं तुमच्यामार्फत, तेही त्यात आलं. पहिल्याच वेळी २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, परत केलं तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पोरं राजी होती हा बचाव कोर्टात चालत नाही. सुप्रीम कोर्टानं २० ऑक्टोबर २०२३ ला बलराम सिंग केसमध्ये गटारातल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली, कायमचं अपंगत्व आलं तर किमान २० लाख. हे आकडे घाबरवायला सांगत नाहीये, हॉस्पिटलला जे पत्र पाठवणार आहात त्यात घालायला सांगतेय. लिहून द्या की हे काम आम्ही करत नाही, महापालिकेची किंवा परवानगी असलेली सक्शन गाडी बोलवा, माणूस आत जाणार नाही. आजच पाठवा, कारण तुम्ही नाही म्हटलं तर उद्या ते थेट पोरांनाच हाक मारतील. म्हणून पोरांनाही समोर बसवून नीट सांगा की कशासाठी नाही म्हणतोय.

आता मावशी.

चूक तिचीच ना, असं विचारताय. बघा, हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराईट, जंतू मारायचं ब्लीच, त्याच्यात ॲसिड पडलं की क्लोरीन वायू होतो, बाथरूम बंद असलं तर दोन-चार श्वासात छाती भरते. हे तिला कोणी सांगितलं होतं का? कॅनवर लेबल इंग्रजीत, ॲसिड कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत काढून दिलेलं (तुम्ही लिहिलं नाहीये पण बहुतेक ठिकाणी असंच चालतं म्हणून विचारते), एक्झॉस्ट फॅन चालू होता का, आणि त्या दिवशी किती बाथरूम एकटीला दिले होते? कामगाराच्या भरपाईच्या कायद्यात निष्काळजीपणा हा मालकाचा बचाव नाहीच. सुरक्षेसाठी स्पष्ट सूचना दिली होती आणि ती तिनं जाणूनबुजून मोडली, असं तुम्हाला सिद्ध करावं लागतं. सूचना दिल्याचा एक कागद, एक सही, एक फोटो तुमच्याकडे आहे का? नसेल तर हा मुद्दा सोडून द्या, तिच्यावर ढकलायचा प्रयत्न केलात तर कोर्टात उलटा तुमच्यावरच येईल.

स्टॅम्पचं ऐका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यानं रद्दच असतो, पाचशेचा स्टॅम्प लावा नाहीतर पाच हजाराचा. आणि ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते, भरपाईच्या याच १९२३ च्या कायद्याचं कलम ८ म्हणतं की बाईला द्यायची एकरकमी भरपाई कमिशनरकडे (म्हणजे असे भरपाईचे दावे बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जमा करूनच द्यायची, परस्पर हातात दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. म्हणजे तुमचे २५ हजार जातील, स्टॅम्प कपाटात राहील आणि तिचा क्लेम होता तिथंच राहील. अपघातापासून २ वर्षांपर्यंत ती दावा लावू शकते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड (कामगारांचे जुने कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे) लागू झालेत आणि हा जुना कायदा सोशल सिक्युरिटी कोडमध्ये गेलाय, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यानं बदलत नाही.

हजेरीचं तर सोडूनच द्या. आज ही उपचाराची आणि पैशाची गोष्ट आहे, रजिस्टरमध्ये खाडाखोड केली की ती फसवणुकीची आणि खोट्या पुराव्याची होईल, आणि हॉस्पिटलच्या सीसीटीव्हीत ती त्या दिवशी झाडू हातात घेऊन दिसणारच आहे, केसपेपरवर कुठून आणली, कशानं झालं ते लिहिलेलं असणारच आहे. त्या सुपरवायझरला हे रजिस्टर हातात देऊ नका आता.

हॉस्पिटलच्या ॲग्रीमेंटमधलं ते कलम तुम्हा दोघांमधलं आहे, मावशीनं त्यावर सही केलेली नाही. जुन्या कायद्याचं कलम १२ असं की मुख्य मालकानं (इथे हॉस्पिटलनं) आपल्या धंद्याचंच काम कॉन्ट्रॅक्टरकडून करून घेतलं तर कामगार भरपाई थेट मुख्य मालकाकडून मागू शकतो, नंतर तो कॉन्ट्रॅक्टरकडून वसूल करेल ते त्यांचं ते बघतील. हॉस्पिटलात सफाई हे धंद्याचंच काम आहे, सफाईशिवाय हॉस्पिटल एक दिवस चालत नाही. म्हणून हॉस्पिटल हात झटकू शकत नाही, पण तुम्ही पण नाही. तुमच्या दोघांतल्या भांडणासाठी ही माहिती गोळा करा की केमिकल कोणी विकत आणलं, फॅन बंद असल्याची तक्रार कोणाला केली होती, व्हॉट्सॲपवर असली तरी चालेल, डिलीट करू नका.

किती द्यावं लागेल? उपचाराचा खरा खर्च मालकावर असतो, तो ३८ हजारांवर थांबला असं धरू नका, क्लोरीननंतर अजून दम लागत असेल तर छातीच्या डॉक्टरकडून पीएफटी (फुफ्फुसं किती काम करतात त्याची तपासणी) करून घ्यायला पाहिजे, आणि ते तुम्ही स्वतः घेऊन जा तिला, पाठवून देऊ नका. तात्पुरतं काम करता येत नसेल तर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के, म्हणजे १२ हजारावर ३ हजार, महिन्याला ६ हजार, आणि २८ दिवस किंवा जास्त झाले असतील तर पहिल्या दिवसापासून. फुफ्फुसाला कायमचं काही राहिलं तर टक्केवारीनं हिशोब वेगळा. देय झाल्यापासून महिनाभरात दिलं नाही तर १२ टक्के व्याज आणि कारण नसताना थांबवलं असेल तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. कोणी वकील म्हणेल की हे काम त्या कायद्याच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे तो कायदा लागू होणाऱ्या कामांच्या यादीत, बसतं का बघू, पण तो वाद तुमच्या उपयोगाचा नाही, कारण तुमच्याकडे १७ माणसं आहेत आणि मग विषय ईएसआयकडे जातो.

आणि ईएसआयचं मला मनापासून वाईट वाटतं भाऊ, कारण हा सगळा त्रास त्यानं वाचला असता. १० माणसं आणि २१ हजारांपर्यंत पगार, तिथं ईएसआय लागतं. १२ हजारावर मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे ३९० रुपये, कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे ९० रुपये. १७ जणांचे तुमचे महिन्याला ६,६३० रुपये. त्यात मावशीचा उपचार झाला असता आणि ती घरी असताना पगाराच्या साधारण ९० टक्के तिला मिळाले असते, ते ६ हजारांच्या जागी १० हजार ८०० झाले असते. कामावरच्या इजेसाठी आधी इतके महिने वर्गणी भरलेली पाहिजे अशीही अट नाही. मालकानं वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा हक्क जात नाही, ईएसआयचं कॉर्पोरेशन तिला देऊन तुमच्याकडून वसूल करू शकतं. या आठवड्यात रजिस्ट्रेशन करा, मागची थकबाकी निघेल ती निघू द्या, लपवून पुढे जाण्यापेक्षा स्वतःहून गेलेलं केव्हाही बरं. मुख्य मालक म्हणून हॉस्पिटलवरही वर्गणीची जबाबदारी येते, हे त्यांना आठवण करून द्या.

मला माहितीये तुम्ही म्हणाल रेटमध्ये बसत नाही ताई. आपल्याकडे, जळगाव-भुसावळ काय नि धुळे काय, माणशी रेटवर कॉन्ट्रॅक्ट घ्यायची इतकी घाई असते की शेजारचा दोनशे कमी सांगतो म्हणून आपण तीनशे कमी सांगतो आणि ते तीनशे कुठून येतात, तर ग्लोव्हजमधून आणि ईएसआयमधून. पुढच्या रिन्यूअलला ईएसआय, ग्लोव्हज-मास्क-गमबूट, ट्रेनिंगचा वेळ हे वेगळे कॉलम दाखवा, रेटच्या पोटात घालू नका, म्हणजे हॉस्पिटलला कमी करायचं असेल तर कशावर काट मारतोय ते लिहून द्यावं लागेल.

हॉस्पिटलला अजून एक गोष्ट लिहून मागा. बायोमेडिकल वेस्टचे २०१६ चे नियम सांगतात की हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ट्रेनिंग, सुरक्षेची साधनं, हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस आणि वर्षातून एकदा तरी तपासणी ही हॉस्पिटलची जबाबदारी आहे, माणूस कॉन्ट्रॅक्टरचा असला तरी. तुमच्या १७ जणांपैकी किती जणांना हेपॅटायटिस बी चे तीनही डोस झालेत? सुया पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात जायला पाहिजेत, पण पिवळ्या नाहीतर काळ्या पिशवीत सुई निघते आणि ती मावशीच्या हातात घुसते, मग ती कोणाला सांगत नाही, कारण सांगितलं की ओरडा बसतो. सुई टोचली तर साबण-पाण्यानं धुवायचं, पिळायचं नाही, आणि लगेच डॉक्टरकडे, एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी लागली तर पहिल्या दोन तासांत सुरू झालेली चांगली, ७२ तासांनंतर उपयोग नाही. रात्रपाळीत सुई टोचली तर कोणाला फोन करायचा तो नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात पाहिजे, आणि ओरडा बसणार नाही हे तुम्ही सगळ्यांसमोर बोलून दाखवायला पाहिजे.

केमिकलचं म्हणाल तर फार अवघड नाही. हायपो आणि ॲसिड एका ट्रॉलीवर ठेवायचंच नाही, एकाच माणसाच्या हातात एका वेळी एकच, दोन रंगांचे कॅन, वर मराठीत मोठं नाव आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्र. कोल्ड्रिंकच्या आणि पाण्याच्या बाटलीत काहीही काढायचं नाही, कधीतरी कोणीतरी तहानलेला उचलून तोंडाला लावतो. पहिल्या दिवशी नवीन माणसाला स्वतः दाखवायचं, अहिराणीत बोलणाऱ्याला अहिराणीत, आणि मग रजिस्टरला सही किंवा अंगठा. ही सही खरी पाहिजे, महिन्याच्या शेवटी एकदम १७ सह्या घेतल्या की त्याला कोर्टात काही किंमत राहत नाही.

उन्हाळ्याचं वेगळं बघा. एप्रिल-मेमध्ये जळगावात पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा रबरी ग्लोव्हज आणि ॲप्रन घालून दुपारी गच्चीवर टाक्या धुणं कोणालाच जमत नाही, माणूस ते काढून टाकतो, आणि मग आपण म्हणायला मोकळे की दिलं होतं, घातलं नाही. गच्ची, पार्किंग, बाहेरच्या काचा हे सकाळी १० च्या आत उरका. हायपोचे कॅन पण उन्हात ठेवू नका, उष्णतेनं ते लवकर खराब होतं, मग ताकद कमी झाली म्हणून लोक जास्त ओततात.

आणि प्रत्येकाला नेमणूकपत्र द्या, नवीन सेफ्टी कोडमध्ये ते आता सक्तीचं आहे, काय होईल ते होईल म्हणून तोंडी ठेवलेली नोकरी अशा वेळी दोघांनाही बुडवते.

आता क्रम सांगते. आज टाकीचं पत्र. उद्या मावशीच्या घरी जा, थकलेला पंधरवड्याचा पैसा बँकेतून द्या, रोख नको, आणि त्याच्या बदल्यात कुठेही सही घेऊ नका. तिची नोकरी शाबूत आहे हे तिच्या घरच्यांसमोर बोला. बिलाबद्दल हॉस्पिटलला लेखी कळवा की तुमच्याच आवारात झालेला अपघात आहे, वसुली आपण आपसात नंतर बघू, तोवर तिचे उपचार अडवायचे नाहीत.

मग ॲग्रीमेंट, हजेरी जशी आहे तशी, डिस्चार्ज कार्ड आणि केमिकलची खरेदी बिलं घेऊन धुळ्याला माझ्याकडे या. मावशीला मात्र सोबत आणू नका, मी तुमची बाजू बघत असताना तिची बघू शकत नाही आणि तिला तिचा वकील हवा. तिला सांगा, जळगावच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, बाईमाणसाला तिथं उत्पन्न न बघता वकील मोफत मिळतो. हे तुम्ही स्वतः सांगितलंत तर उद्या आपसात मिटवायची वेळ आली की ती तुमच्याशी बोलायला तयार असेल, आणि तो समझोता कमिशनरसमोर नोंदवला की तोच खरा टिकणारा कागद.