स्टँडअपमध्ये रोज 'होऊन जाईल सर' ऐकू येत असेल तर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सातपूरला दहा जणांची टीम, मालक रोज स्टँडअपला (कामाच्या रोजच्या छोट्या बैठकीला) बसतात, रेट्रोमध्ये (काय चुकलं, काय सुधारायचं हे बोलायच्या बैठकीत) सगळे गप्प, आणि आता ऑफिसात सूर निघालाय की "अजाईल, म्हणजे छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर करायची पद्धत, आपल्या लोकांसाठी नाहीच." मीही नाशिकमध्येच द्राक्षांच्या पॅकहाऊससाठी सॉफ्टवेअर करतो. एकेकाळी मीही हेच म्हणायचो.

आमच्याकडे दिंडोरीकडचा एक मुलगा होता. नऊ दिवस रोज सांगायचा, "झालंच आहे सर, थोडंसं राहिलंय." दहाव्या दिवशी कळलं, वजनकाट्याचं रीडिंग पहिल्या दिवसापासून स्क्रीनवर येतच नव्हतं. पोरगा लबाड नव्हता. समोर साहेब, शेजारी सीनियर. अशात "मला जमत नाहीये" कोण म्हणेल? मोठ्यांपुढे जसं बोलायची सवय आहे तसं तो बोलला.

यावर कोणीतरी देशोदेशींच्या संस्कृतींची तुलना करणारे संशोधक होफस्टेड यांचा आकडा तोंडावर फेकतंच: अधिकारातली दरी मानण्यात भारत ७७, अमेरिका ४०. पण तो आकडा मुख्यतः आयबीएमच्या कर्मचाऱ्यांना साठ-सत्तरच्या दशकात विचारलेल्या प्रश्नांवरून निघालाय. तुमच्या टीममधल्या पोरांबद्दल त्यावरून काही ठरवू नका.

पहिलं काम, मालकांना स्टँडअपमधून बाहेर काढा. "अजाईलच्या स्क्रम प्रकाराच्या मार्गदर्शकात असंच आहे" म्हणून सांगा, आणि ते खरंही आहे: डेली स्क्रम (म्हणजे हाच स्टँडअप) ही डेव्हलपर्सची १५ मिनिटं असतात. 'काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय' हे तीन प्रश्नसुद्धा २०२० च्या आवृत्तीतून गेले. आपल्याकडे ते अजून आरतीसारखे म्हटले जातात! आम्ही त्याऐवजी बोर्डावरचं एकेक काम घेतो आणि विचारतो, "हे कुठे अडलंय?" माणसाला नाही, कामाला प्रश्न. आणि बोलणं मराठीत. तिकीट (कामाची नोंद) इंग्रजीत लिहा हवं तर, पण अडचण इंग्रजीत सांगायची म्हटलं की ती निम्मी होते.

सुरुवात सीनियरनं स्वतःच्या चुकीपासून करायची. मी एकदा सांगितलं की कालचा डेटाबेसचा घोळ माझाच होता. दोन मिनिटं शांतता, मग एकानं स्वतःचा काढला. रेट्रोला चिठ्ठ्या, पण अक्षर ओळखू येतं म्हणून टाइप केलेल्या. काम किती मोठं याचा अंदाज बांधताना प्लॅनिंग पोकर, म्हणजे प्रत्येकानं आपला आकडा पत्त्यावर द्यायची पद्धत, सोडू नका. सगळ्यांनी पत्ते एकदम उघडायचे, म्हणजे ज्युनिअरला साहेबांचा आकडा बघून आपला ठरवता येत नाही. आपल्याकडे याची गरज जास्तच आहे.

ग्राहकाचा अभिप्राय हा वेगळाच विषय. पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमध्ये आम्ही दर पंधरवड्याला डेमो द्यायचो, तिथला क्लार्क दरवेळी "छान आहे साहेब" म्हणायचा. एकदा डेमो न देता नुसता त्याच्या शेजारी दिवसभर बसलो. तो सगळं वहीत लिहित होता आणि संध्याकाळी एकदम कॉम्प्युटरमध्ये भरत होता. कारण? आमचा स्क्रीन आधी शेतकऱ्याचं नाव मागायचा आणि गेटवर आधी कळतो तो गाडीचा नंबर. रांग थांबवून नाव कोण शोधत बसणार? दोन रकाने वरखाली केले, वही बंद झाली. तेव्हापासून "कसं वाटलं?" विचारणं मी सोडलं. "आता ही गाडी एंट्री करून दाखवा" म्हणतो.

स्प्रिंटचंही (कामाच्या ठराविक मुदतीच्या टप्प्याचंही) तेच. जानेवारी ते मार्च काढणीच्या धबडग्यात पॅकहाऊसवाला तुम्हाला उभं करणार नाही. तेव्हा आम्ही आठवड्याचा स्प्रिंट आणि फक्त दुरुस्त्या करतो. मोठे बदल माल संपल्यावर, आणि ऑक्टोबर छाटणीच्या आत ते वापरात. मार्गदर्शक म्हणतो की स्प्रिंट ठराविक लांबीचा असावा आणि महिन्याच्या वर नको.

खरं तर फेब्रुवारी २००१ मध्ये युटामधल्या स्नोबर्डला १७ जणांनी अजाईलचा जो जाहीरनामा लिहिला, त्यात उभं राहण्याचा वा चिठ्ठ्यांचा शब्दही नाही. त्यामुळे विधी बदलला तर पाप लागत नाही. मात्र दर दोन आठवड्यांनी चालणारं काहीतरी वापरणाऱ्याच्या हातात पडायलाच हवं. "आपल्याकडे असं चालत नाही" म्हणत नेमकं हेच पहिलं उडवलं जातं.

मालक ऐकत नसतील तर त्यांना स्टँडअपऐवजी शुक्रवारच्या डेमोला बोलवा, आणि माउस त्यांच्याच हातात द्या.